एक माझ्या नावची

वैशाखातलं ऊन नागपूरच्या इतवारीतल्या त्या गल्लीत उतरलं की नत्थूजींच्या ओट्यावरून कोणी पाणी न पिता पुढं जात नसे. ते जाऊच देत नसत. दुपारी कापडाचं दुकान बंद करून ते घरी येत, पायांवर पाणी घेत आणि जेवणाआधी घटकाभर ओट्यावरच्या पाटावर बसत. नजर सगळी गल्लीवर, नाक्यावरच्या शिपायासारखी. फरक एवढाच की शिपाई माणूस अडवतो तो हाकलण्यासाठी, आणि नत्थूजी अडवत ते आत घेण्यासाठी.

सन १९३८ च्या वैशाखात त्यांची एकुलती लेक सुमती पुण्याहून माहेरी आली होती. आई तिच्या लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे माहेर म्हणजे हा ओटा, हे मागचं परस आणि बाप. त्या दुपारी ती वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून आतल्या खोलीत पुस्तक घेऊन पडली होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. कोणी अनोळखी माणूस डोक्याला पंचा गुंडाळून चालला होता आणि नत्थूजींनी त्याला हटकलं होतं. कोण्या गावचे, कोणाकडे आले, कचेरीत काय काम, जमिनीचं की भावाभावांचं. पुण्यात असं कोणी विचारलं असतं तर समोरच्यानं ‘आपल्याला काय करायचंय?’ म्हणून वाट धरली असती. हा माणूस मात्र उमरेडकडच्या आपल्या गावापासून सुरुवात करून सगळं सांगत होता.

सुमतीनं गूळ-पाणी नेऊन दिलं. मग नत्थूजी म्हणाले, आता जेवूनच जा. तो म्हणाला, नाही, जेवण झालं. नत्थूजी म्हणाले, झालं असन, पण ते सकाळचं. तो म्हणाला, नाही, उशीर होते, साहेब उठून जाईन. तेव्हा नत्थूजी हसले आणि ते नेहमीचं वाक्य बोलले.

"हौ, तुमचं पोट भरलं आहे. मान्य. मंग एक माझ्या नावची खा, अन् जा."

माणसानं जोडे काढले. ‘जेवण झालेल्या’ त्या माणसानं ज्वारीच्या चार भाकरी आणि वाटीवर वाटी वरण खाल्लं. वाढताना सुमतीनं बापाकडं पाहिलं. नत्थूजी मान खाली घालून मुकाट्यानं आपलं जेवण जेवत होते. पाहुण्याच्या ताटाकडं पाहायचं नाही, ही त्यांची रीत होती. आग्रह मोठ्यानं करायचा, आणि माणूस जेवायला लागला की त्याला एकटं सोडायचं.

या घरात पहिला नकार हा नकार नव्हताच. तो पाहुण्याचा सभ्यपणा होता. दुसरा नकार यजमानाची परीक्षा. तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं काय ते कळायचं. जो पहिल्यांदाच ‘हो’ म्हणेल तो हावरा, आणि जो एकदाच विचारून भाकरीची टोपली आत नेईल त्याच्या घरी पुन्हा जाऊ नये. हे कोणी कोणाला शिकवत नसे. पोरं चालायला शिकतात तसं शिकत.

सुमतीला लहानपणी याचा वीट आला होता. आई तर बोलता बोलता पाहुण्याच्या भातावर तूप ओतून मोकळी व्हायची, आणि पाहुणा ‘अरे बाई, अरे बाई’ करत राहायचा. पुण्याला लग्न होऊन गेल्यावर तिला पहिल्यांदा बरं वाटलं ते याच एका गोष्टीचं. तिथं सासूबाई एकदा विचारत. नको म्हटलं की नको. कोणाला ताटावर हात आडवा धरायची वेळ आणायची नाही, त्याच्या शब्दाला शब्द मानायचं. सुमतीनं वाचलेल्या सगळ्या पुस्तकांशी ते जुळत होतं. माणसाच्या ‘नाही’ला नाही समजणं यापेक्षा मोठा मान कोणता? ती असं मानत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

उन्हं कलली तसे चंपतराव आले. हे शेजारचे, कोर्टात नाझर होते, आता पेन्शनीत. नत्थूजींच्या पाटाला पाट लावून बसणं एवढंच काम उरलेलं. सुमती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दोघांचा आवडता विषय निघाला होता. नत्थूजी कापडाच्या खरेदीसाठी मुंबईला जात, एकदा लेकीकडं पुण्यालाही जाऊन आले होते, त्यामुळे गल्लीत या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा.

"मुंबईचा माणूस धक्का देते अन् पाहतही नाही," नत्थूजी सांगत होते. "पुण्याचा माफी मागते, पण वाट सोडत नाही. आपला नागपूरवाला वाट सोडते, अन् मंग मांगं मांगं येऊन इचारते, कुठं चालले गा म्हणून."

"त्याच्यापेक्षा धक्का बरा," चंपतराव म्हणाले.

सुमती हसली आणि पुण्याच्या बाजूनं बोलली. तिथला दुकानदार ग्राहकाला या-बसा म्हणत नाही खरा, पण लुगड्याचा रंग जाणार असेल तर तोंडावर सांगतो. इथं ‘तुमचंच दुकान आहे’ म्हणतात आणि रंग पहिल्या धुण्याला जातो. नत्थूजींनी लटक्या रागानं तिच्याकडं पाहिलं. चंपतरावांना मात्र आता चेव चढला होता.

"तुमच्या पुण्याचं काही सांगू नको वं सुमती. तुह्या बापाले पुसून पाय. पुण्याहून आला तर घरी नाही गेला, टांगा सिधा माह्या दारात. अन् आमच्या घरी म्हणते, वहिनी, भाकर असन तर टाका. सहा भाकरी खाल्ल्या या माणसानं. आठ दिवस लेकीच्या घरी ‘नाही’ म्हणून राहिला होता, अन् कोणी दुसऱ्यांदा इचारलंच नाही."

चंपतराव खो खो हसले. नत्थूजी हसले नाहीत.

"काहून फालतू बोलतो गा," ते म्हणाले. "गाडीत कोठं खायले भेटते? भूक लागली होती मले, बस." आणि त्यांनी लगेच दुसरा विषय काढला, कोणाच्या विहिरीचं पाणी आटल्याचा.

सुमती कपबश्या घेऊन आत आली. चुलीपाशी त्या विसळायला बसली.

तीन वर्षांपूर्वीची ती आठ दिवसांची पंगत तिला ताटासकट दिसत होती. पहिल्या रात्री तिनं विचारलं होतं, बा, भाकरी वाढू? ते म्हणाले, नाही, झालं. तिनं टोपली आत नेली. प्रवासाचा शीण असेल, असं तिला तेव्हा खरोखरच वाटलं. पण तिसऱ्या दिवशी ‘नाही’ म्हणताना त्यांचा हात ताटावर आला नव्हता. बोटं वरणाच्या वाटीपाशी थांबली होती, आणि डोळे क्षणभर टोपलीकडं गेले होते. तिला कळलं होतं. समोर सासूबाई बसल्या होत्या, शेजारी नवरा. आता दुसऱ्यांदा विचारलं तर आपण पुन्हा इतवारीतल्या होऊ, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ती उठून ताकाचं भांडं आणायला गेली. परत आली तेव्हा बाप हात धूत होता. उरलेले दिवस तिनं त्यांच्या बोटांकडं पाहिलंच नाही.

त्या रात्री परसात, तुळशीपाशी कंदील ठेवून, तिनं बापाचं ताट वाढलं. आज विचारायचं असं ठरवलं होतं. दोन भाकरी झाल्या. तिनं विचारलं, बा, अजून एक? ते म्हणाले, बस झालं. टोपली तिच्या मांडीवर होती. दुसरं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, पण आता ते बोलणं म्हणजे चंपतरावांची गोष्ट आपण खरी मानली असं कबूल करणं, आणि बापानं जी झाकली ती उघडणं. समोरच्यानं मिटलेलं दार आपण ढकलू नये, हेही ती पुण्यातच शिकली होती. सकाळी पाटवड्या करू, तिनं ठरवलं. त्यांना आवडतात. तेव्हा वाढता वाढता सहज बोलून टाकू.

नत्थूजी हात धुऊन बाजेवर पडले. म्हणाले, उद्या ऊन फार राहील, ताटीवर पाणी लवकर मार वं. मग झोपले.

सकाळी ते उठले नाहीत. सुमती बेसन घोटून हात धूत होती, तोवर उन्हाची तिरीप बाजेवर आली आणि तरीही ते उठले नाहीत, म्हणून ती जवळ गेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. त्यांना काही कळलंही नसेल. पाटवडीचं बेसन कढईतच थिजून राहिलं. अग्नी सुमतीच्या चुलतभावानं, रुपरावनं दिला. पुण्याला तार गेली.

मग माणसं यायला लागली, आणि नागपूर काय आहे ते सुमतीला पुन्हा कळलं. पुण्यात कोणी गेलं तर लोक येतात, जरा वेळ खाली मान घालून बसतात आणि नमस्कार करून उठतात. इथं बायका उंबऱ्यातच गळ्यात पडत आणि विचारत. कसं झालं? रात्री काय जेवले होते? शेवटी काय बोलले? तू कुठं होती वं तेव्हा? प्रत्येक नवी बाई पहिल्यापासून विचारी, आणि प्रत्येक वेळी सुमतीला पहिल्यापासून सांगावं लागे. रात्री काय जेवले होते, या प्रश्नाशी ती दरवेळी अडखळे. दोन भाकरी, ती सांगे. बायका म्हणत, बस, दोनच? नत्थूजी तर चांगले खाणारे होते. त्यात दोष देणं नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. तिला मात्र वाटे, सगळ्यांना माहीत आहे.

ज्या घरी मरण होतं तिथं चूल पेटत नाही. पहिल्या संध्याकाळी चंपतरावांच्या घरून कडू भाकरी आली. त्यांची बायको गोपिकाबाई, जिला सुमती लहानपणापासून काकू म्हणत आली, टोपलीवर फडकं टाकून घेऊन आली. सुमती म्हणाली, काकू, नको, मला भूक नाही. हे तिनं मनापासून म्हटलं होतं. काकूनं ऐकलं न ऐकलं केलं आणि पिठल्याचं भांडं पुढं ओढलं. सुमती पुन्हा म्हणाली, खरंच नको. तिला रागही आला. दुःखाच्या दिवशीसुद्धा या लोकांना माणसाचा शब्द कळत नाही, असं तिच्या मनात आलं.

काकू रागावली नाही, समजावलंही नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि सुमतीच्या ओठांशी धरला.

"भूक तुले नाही, मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "हे मी तुले इचारूनच नाही राहिली."

सुमतीनं तोंड उघडलं. पहिला घास गिळला, आणि तिच्या ध्यानात आलं की ती सकाळपासून भुकेनं थरथरत होती. तिचं ‘नाही’ खोटं नव्हतं. पण ते ज्या पोटातून यायला हवं तिथून आलं नव्हतं, वरवरूनच आलं होतं, आणि त्याच्या खाली काय आहे ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा कोणी विचारल्याशिवाय ते कळलंच नसतं. ती भाकर खाऊन संपेपर्यंत सुमती रडली. पहिल्यांदाच रडली. काकू दुसरीकडं पाहत बसली होती.

मनोहरराव, सुमतीचे यजमान, तिसऱ्या दिवशी पोचले. पुण्याच्या शाळेत शिक्षक. सरळ, सभ्य, मोजकं बोलणारे. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्यानं तिला त्या दिवशी गार सावलीत आल्यासारखं वाटलं. पण दिवस जात राहिले आणि ते विचारतच नव्हते. ओट्यावर मात्र त्यांना लोक सोडत नव्हते: जावईबापू, सासऱ्याले शेवटचं कधी भेटले? पुण्याले एकच खेप आले होते म्हणता? काहून? आत येऊन ते हळूच म्हणाले, "किती विचारतात गं ही माणसं. दुःखाला काही दार असतं की नाही?"

आठवड्यापूर्वी हे वाक्य तिचंच असतं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"बा पुण्याला आले होते तेव्हा पोटभर जेवत होते, असं वाटलं होतं तुम्हाला?"

मनोहररावांनी आठवून पाहिलं. त्यांचा तो प्रामाणिकपणा तिला नेहमी आवडत आला होता.

"ते नको म्हणायचे," ते म्हणाले. "आपण विचारलं नाही असं तर एकदाही झालं नाही."

"नाही," सुमती म्हणाली. "झालं नाही."

त्यांची चूक नव्हती. त्यांना ती भाषा येतच नव्हती. तिला येत होती.

तेरवीला परसाच्या भिंतीवर घास ठेवला. पत्रावळीवर भात, वरण, भजी, पुरण, आणि नत्थूजींचा सण ज्वारीशिवाय होत नसे म्हणून काकूनं मुद्दाम टाकलेली भाकर. कडुनिंबावर कावळे होते. रुपरावनं पाणी फिरवून हात जोडले आणि सगळे मागं सरकले. घरात पंगत खोळंबली होती. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं.

एक कावळा भिंतीवर उतरला. पत्रावळीकडं तिरपं पाहिलं, दोन उड्या मारल्या आणि परत फांदीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. ऊन चढत गेलं. लोक कुजबुजायला लागले, काहीतरी अडलं आहे, कशात तरी जीव गुंतला आहे. मग एकेकानं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, बोलण्याची रीतच होती. रुपराव म्हणाला, काका, दुकान बंद पडू देणार नाही. कावळा हलला नाही. काकू म्हणाली, सुमतीले दिवाळीले माहेरी आणू, तिले परकं होऊ देणार नाही. मग चंपतराव बोलले.

"नत्थू, ओट्यावरचा तुहा पाट मी उचलू देणार नाही गा. मी बसतो तिथं. येणाऱ्या-जाणाऱ्याले पाणी पाजतो. आता खा, बावा. तुह्यापायी सारे उपाशी आहे."

दोघंतिघं डोळे पुसत हसले. मनोहररावही पुढं झाले, हात जोडून हलक्या आवाजात म्हणाले, बाबा, सुमतीची काळजी करू नका. कावळा भिंतीवर आला, पत्रावळीच्या काठापर्यंत चालत गेला, आणि उडाला.

भटजींनी उन्हाकडं पाहिलं. दर्भाचा कावळा करून घासाला लावू या, त्यालाही शास्त्र आहे, असं ते म्हणाले. रुपरावनं दर्भ आणायला पाऊल उचललं. कोणी अडवलं नाही. सगळ्यांचं आपापलं सांगून झालं होतं, प्रत्येकानं एकदा.

सुमती पडवीच्या खांबाशी उभी होती. मेलेला माणूस कावळ्याच्या रूपानं येतो, यावर तिचा विश्वास नव्हता. तसा तो लहानपणीही फारसा नव्हता. पण फांदीवर मान तिरपी करून बसलेला तो पक्षी आणि भिंतीवरची ती पत्रावळ यांच्यामध्ये तिला एक ओळखीची गोष्ट दिसत होती. समोर वाढलेलं आहे. एकदा विचारून झालं आहे. एकदा नाही म्हणून झालं आहे. आणि आता टोपली आत जाणार आहे.

"थांब, रुपराव," ती म्हणाली.

ती चुलीपाशी गेली, टोपलीतली एक भाकर घेतली आणि सगळ्यांच्या मधून परसात आली. बायका बाजूला सरकल्या. भिंतीशी येऊन तिनं भाकर पत्रावळीवर, आधीच्या भाकरीवर ठेवली. हात तिनं तिथंच राहू दिला. मग वर कडुनिंबाकडं पाहून ती बोलली, ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ज्या बोलीत ती लहानपणी या परसात बोलायची.

"बा, नाही म्हणू नको गा. तुह्यं पोट भरलं नाही, मले माहीत आहे. तवाही माहीत होतं. घे. अजून घे. एक माझ्या नावची खा, अन् मंग जा."